पिशवीतले रिपोर्ट आणि संगणकातली नोंद

मधुमेहाचा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तीत घड्या पडलेले रिपोर्ट, दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे असतात. मी सर्वांत ताजा रिपोर्ट पाहतो, गोळ्या लिहून देतो. बाहेर वीस माणसे ताटकळत असतात. पिशवी पालथी घालायला वेळ कोणाला?

या घाईची किंमत मला एका रुग्णाने शिकवली. साठीतले हे गृहस्थ बरीच वर्षे माझ्याकडे येत. साखर आटोक्यात असे, म्हणून मी निर्धास्त होतो. एक दिवस ते पायांवर सूज घेऊन आले. त्या दिवशी मी सगळे कागद तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणारे रक्तातील क्रिएटिनिन पहिल्या वर्षी १.०, दुसऱ्या वर्षी १.३ आणि तिसऱ्या वर्षी १.८ होते. तिन्ही रिपोर्ट वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे. शिवाय गुडघेदुखीसाठी ते दुसरीकडून वेदनाशामक गोळ्या घेत होते, हे मी कधी विचारलेच नव्हते. एकेक कागद पाहताना जे दिसले नाही, ते तिन्ही शेजारी ठेवताच दिसले. पण उशीर झाला होता. चूक माझी होती.

मधुमेह हा एका आकड्याचा आजार नाही. आज साखर १४० आहे की १८०, यापेक्षा गेल्या दोन वर्षांत ती कुठून कुठे चालली आहे हे महत्त्वाचे. संगणकावरील आरोग्य नोंद नेमके हेच काम करते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी, रक्तदाब, वजन, क्रिएटिनिन हे सगळे तारीखवार एका पडद्यावर दिसते. डोळ्यांच्या पडद्याची, पायांच्या संवेदनेची आणि लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी लागते. ती कोणाची राहिली आहे, याची यादी संगणक काढून देऊ शकतो. चालू औषधे समोर असली की धोकाही टळतो. मूत्रपिंड थकले असेल तर मेटफॉर्मिनची मात्रा कमी करावी लागते, कधी ती बंदही करावी लागते.

आपल्याकडे ही सोय आली आहे. तीस वर्षांवरील माणसांची माहिती आशाताई घरोघरी जाऊन घेतात. मधुमेह व रक्तदाबाची तपासणी होऊन तिची नोंद संगणकावर होते. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात १४ अंकी आभा क्रमांक विनामूल्य मिळतो. तो घेणे ऐच्छिक आहे, आणि आपली नोंद दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची तर आपली संमती लागते. पुष्कळ जणांचा घोटाळा होतो म्हणून सांगतो, आभा क्रमांक म्हणजे पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचे आयुष्मान कार्ड नव्हे. ते वेगळे, हे वेगळे.

पण वाचकहो, नुसता क्रमांक काढला की काम झाले, असे समजू नका. ज्या दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत नोंद त्या क्रमांकाशी जोडली जाते, तिथलीच पुढे दिसते. अजून कित्येक दवाखाने केसपेपरवरच चालतात. नाव एकदा ‘सुरेश’ आणि एकदा ‘सुरेशराव’ असे लिहिले गेले तर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात आणि पुन्हा तुकडेच हाती येतात. संगणकात जे भरावे तेच तो दाखवतो.

म्हणून आपल्याकडून एवढे करा. तपासणीला जाताना आभा क्रमांक आणि आधीचे नाव जसेच्या तसे सांगा. रिपोर्टवर तारीख आणि साखर उपाशीपोटीची की जेवणानंतरची, हे पाहून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांच्या, आयुर्वेदिक किंवा स्वतःहून आणलेल्या गोळ्याही लपवू नका. आणि संगणकाची वाट न पाहता शंभर पानी वही घाला. तारीख, साखर, एचबीएवनसी, रक्तदाब, वजन, क्रिएटिनिन असे सहा रकाने आखा. दर भेटीला ती वही डॉक्टरांपुढे उघडून ठेवा.

ते गृहस्थ आता मूत्रपिंडतज्ज्ञांकडे उपचार घेतात. माझ्याकडे येतात तेव्हा पिशवीऐवजी वही आणतात. मीही आता शेवटचे पान पाहण्याआधी मागची पाने उलटतो.