सतरा शवपेट्या आणि इयान रँकिन यांची 'द फॉल्स'

आजचा गुन्हा आणि दीड-दोनशे वर्षं न उलगडलेलं कोडं एकाच कथानकात गुंफणाऱ्या रहस्यकादंबऱ्यांचं मला वेड आहे. त्यातली माझी सर्वांत लाडकी 'द फॉल्स' (2001). एडिंबरात एक विद्यार्थिनी बेपत्ता होते. तिच्या घराजवळ लाकडाची चिमुकली शवपेटी सापडते, आत बाहुली. इन्स्पेक्टर रीबस तो धागा पकडून थेट इतिहासात शिरतो.

आणि त्या पेट्यांमागचा इतिहास खरा आहे! 1836 मध्ये सशांच्या मागावर असलेल्या मुलांना आर्थर्स सीट टेकडीवरच्या कपारीत अशा 17 पेट्या मिळाल्या. जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर लांबीच्या, आत कपडे घातलेल्या कोरीव बाहुल्या. त्यांतल्या आठ उरल्या आहेत, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात. कोणी ठेवल्या, कशासाठी, हे आजही कळलेलं नाही.

एक तर्क बर्क आणि हेअर या जोडगोळीकडे जातो. 1828 च्या सुमारास त्यांनी 16 खून करून प्रेतं शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. नॉक्स यांना विकली. त्याआधी नैसर्गिकरीत्या मेलेल्या एकाचंही प्रेत विकलं होतं. एकूण 17! पण बळींमध्ये 12 बायका होत्या आणि बाहुल्यांचा पेहराव मात्र पुरुषी. तर्क तिथेच अडतो, आणि मला तर हा अडलेला भागच जास्त खुणावतो.

ही आवडली तर पुढे कॉलिन डेक्स्टर यांची 'द वेंच इज डेड' (1989) घ्या. त्यात इस्पितळात पडून असलेला इन्स्पेक्टर मॉर्स ऑक्सफर्डच्या कालव्यावर 1859 मध्ये झालेल्या खुनाचा तपास खाटेवरूनच नव्याने करतो.