वर उरलेले पंचवीस हजार

माझी सगळी नोकरी बँकेच्या वसुली विभागात गेली. जप्ती, राखीव किंमत, लिलाव हे रोजचंच. मुद्दल, व्याज, खर्च वळते करायचे आणि वर उरेल ते ज्याचं त्याला परत द्यायचं. बँकांच्या कर्जवसुलीचा सरफेसी कायदाही तेच सांगतो. त्यामुळे मिनेसोटातल्या एका घराची गोष्ट वाचली तेव्हा वाटलं, एवढ्या साध्या हिशेबासाठी अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय कशाला लागावं?

जेराल्डिन टायलर यांनी १९९९ साली मिनिआपोलिसमध्ये एका बेडरूमचा फ्लॅट घेतला. वय झालं तसं २०१० मध्ये त्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला गेल्या आणि फ्लॅटचा मालमत्ता कर थकला. २०१५ पर्यंत मूळ कर होता सुमारे २,३०० डॉलर. व्याज, दंड आणि खर्च मात्र १३,०००! हेनेपिन काउंटीने फ्लॅट ताब्यात घेऊन ४०,०००ला विकला. वसुली पंधरा हजारांची, वरचे पंचवीस हजारही काउंटीनेच ठेवले. राज्याचा कायदाच तसा होता. मुदत संपली की घर सरकारचं, बाकीही मिटली.

कर थकला हे टायलरबाईंना मान्यच होतं. भांडण फक्त वरच्या पैशांचं. खालच्या दोन्ही न्यायालयांत त्या हरल्या. २५ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने त्यांचं म्हणणं उचलून धरलं. निकालपत्र सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचं. मोबदला दिल्याशिवाय सरकारने खाजगी मालमत्ता घेऊ नये, असं पाचवी घटनादुरुस्ती सांगते. काउंटीचा युक्तिवाद असा, की आमच्या कायद्यानुसार वरच्या रकमेवर मालकाचा हक्क उरतच नाही, मग आम्ही घेतलं काय? न्यायालयाने थेट १२१५ च्या मॅग्ना कार्टापर्यंत मागे जाऊन दाखवलं, की राजाच्या माणसालाही जेवढं येणं असेल तेवढंच घेता येत होतं. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. याच मिनेसोटात बँकेने घर लिलावात काढलं तर वरची रक्कम मालकाला मिळते. सरकारची स्वतःची वसुली आली की तेवढा तो हक्क गायब!

बाई ९४ वर्षांच्या होत्या, म्हणून बातम्यांत वयाचाच गाजावाजा झाला. माझ्या मते वयाचा इथे काही संबंध नाही. चाळिशीतल्या, ऐपत असून कर बुडवणाऱ्यालाही वरचे पैसे मिळायलाच हवेत.

मिशिगनमध्ये तर कहर झाला होता. उरी राफाएली यांच्याकडून मालमत्ता कराचे ८.४१ डॉलर कमी भरले गेले. ते व्याज-दंडासह २८५.८१ झाले, घर २४,५००ला विकलं गेलं आणि सगळी रक्कम ओकलंड काउंटीने ठेवली. २०२० मध्ये राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं.

आता वाद पुढे सरकलाय. मिशिगनच्याच इझाबेला काउंटीत १,९४,४०० डॉलर मूल्यांकन असलेलं एक घर सुमारे २,२४२ डॉलरच्या करापायी ७६,००८ला लिलावात गेलं. वरची रक्कम मोजायची ती लिलावाच्या किमतीवरून की खऱ्या मोलावरून? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली हे प्रकरण सुनावणीला घेतलं. माझं विचाराल तर, लिलावाला चार बोलीदार येतात आणि त्यातले तिघे एकमेकांना ओळखत असतात. तिथे ठरलेल्या आकड्याला मी बाजारभाव म्हणणार नाही.