विदूषक कोणाच्या पक्षाचा ?

जुन्या दप्तरांचा संग्रह करणारे आपण लोक पत्रें, याद्या, महजर व शकावल्या मोठ्या ममतेनें जपतों. परंतु एखाद्या रुमालांतून प्रहसनाची वही किंवा वगाचे सुटे कागद निघाले, तर ते करमणुकीचा पसारा म्हणून बहुधा बाजूस सारले जातात. अशा कागदांत राजकीय मतांचा पुरावा असतो काय, आणि असल्यास तो कसा वाचावा, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत घेतला आहे. रूढीस हंसतो तो सुधारक, व तिचा कैवारी तेवढा गंभीर प्रकृतीचा, अशी एक सोईची समजूत पुष्कळांच्या मनांत घर करून आहे. एकोणिसाव्या शतकांतील दोन मराठी नाटकें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे ती टिकत नाहीं.

त्या नाटकांकडे वळण्यापूर्वीं विदूषकाचें कुळ पाहिलें पाहिजे. संस्कृत नाटकांतील विदूषक जातीनें ब्राह्मण, भाषेनें प्राकृत बोलणारा, मोदकांवर जीव टाकणारा आणि राजाचा सखा. तो राजाची थट्टा करतो खरी, पण ती राजाच्याच पानावर बसून. त्याहून बोधप्रद उदाहरण 'मत्तविलास' ह्या प्रहसनाचें. त्याचा कर्ता स्वतः राजा: सातव्या शतकाच्या आरंभींचा कांचीचा पल्लव नृपति महेंद्रवर्मा. गणपतिशास्त्री यांनीं त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेंत १९१७ सालीं तें प्रसिद्ध केलें. कापालिक, बौद्ध भिक्षु व पाशुपत ह्यांची त्यांत जी टर उडविली आहे तींत कोणावरच दया दाखविलेली नाहीं. राजा स्वतः कोणत्या पंथाचा होता हें केवळ ह्या थट्टेवरून ठरवूं गेल्यास वाचकाची फसगत व्हावयाची. एक गोष्ट मात्र निश्चित दिसते. येथें हास्य सिंहासनावरून खालीं उतरतें; तें वर चढत नाहीं.

महाराष्ट्रांत १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, आणि सूत्रधाराशीं थट्टामस्करी करणारा विदूषक मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनीं, म्हणजे १८५५ सालीं, जोतीराव फुले यांनीं 'तृतीय रत्न' लिहिलें व ह्याच ओळखीच्या पात्रास अगदीं निराळ्या कामास लाविलें. कथानक साधें आहे. एका कुणब्याच्या गरोदर बायकोस जोशी ग्रहदशेची भीति घालतो; शांति व ब्राह्मणभोजन यांच्या निमित्तानें त्या गरीब जोडप्याचा पैसा उकळला जातो; पुढें एका पाद्र्याशीं संवाद घडून दोघांचे डोळे उघडतात, आणि शेवटीं तीं दोघें जोतीराव व सावित्रीबाई यांच्या शाळेची वाट धरतात.

ह्या नाटकांतील विदूषकाचें वर्तन बारकाईनें पाहण्यासारखें आहे. कथेंतील माणसांशीं त्याचें फारसें देणेंघेणें नाहीं. तो मुख्यतः प्रेक्षकांशीं बोलतो. जोशी गोड शब्दांत जें झांकतो तें विदूषक तेथल्या तेथें उघडें करतो. ज्या पात्राचा खादाडपणा हा परंपरेनें हास्याचा विषय, तेंच पात्र आतां जेवणावळी उठविणाऱ्यांस हंसूं लागतें. पूर्वींचा विदूषक यजमानाच्या पंक्तीस होता. हा पंक्तीचा खर्च कोणाच्या माथीं बसला तें सांगतो. पाद्री मात्र थट्टेचा विषय होत नाहीं; त्याचें म्हणणें गंभीरपणें ऐकून घेतलें जातें. माझ्या मतें लेखकाचा कल ओळखण्यास जोशावरील टोमण्यांइतकीच ही वगळलेली थट्टाही उपयोगी आहे. विनोदी लेखक कोणास हंसतो हें कोणासही दिसतें. तो कोणास हंसत नाहीं हें शोधावें लागतें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस खरी गोडी लागावी ती ह्या नाटकाच्या पुढील हकीकतीची. पेशवाईंत श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जात असे. इंग्रजी अमदानींत त्या रकमेचा कांहीं भाग मराठी ग्रंथांस बक्षिसें देण्याकडे लावण्यांत आला व त्यासाठीं दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली. जोतीरावांनीं नाटक पाठविलें तें ह्याच कमिटीकडे! ज्या पैशाचा उगम ब्राह्मणांच्या दक्षिणेंत, त्याच पैशांतून दक्षिणेवरील प्रहसनास बक्षीस मागणें ह्यांत एक विनोद आहेच. तो लेखकानें जाणून केला कीं काय हें वाचकांनीं ठरवावें. नाटक नाकारलें गेलें. कमिटींतील भट सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें कारण जोतीरावांनीं 'गुलामगिरी' (१८७३) ह्या ग्रंथांत दिलें आहे. हा फिर्यादीचा जबाब होय, व तो त्याच सावधगिरीनें वाचला पाहिजे. परंतु पुढची वस्तुस्थिति त्या जबाबावर अवलंबून नाहीं: नाटक छापून निघालें तें १९७९ सालीं, 'पुरोगामी सत्यशोधक' ह्या नियतकालिकांत. लेखन आणि मुद्रण यांमध्यें १२४ वर्षें गेलीं.

आतां दुसरें नाटक. नारायण बापूजी कानिटकर यांची 'तरुणीशिक्षणनाटिका' १८८६ सालची. पुण्यांत मुलींचें हायस्कूल १८८४ सालीं निघालें होतें, आणि त्यांतील शिक्षणक्रमावरून वाद माजला होता. स्त्रियांचें आधुनिक शिक्षण व स्वातंत्र्य यांचें भविष्य वर्तविण्याचा आव ह्या नाटिकेच्या लांबलचक नांवांतच आहे, आणि तें भविष्य अर्थातच अनर्थाचें. म्हणजे पहा, हास्य दोन्ही ठिकाणीं आहे; अतिशयोक्तीचें हत्यारही दोन्ही ठिकाणीं तेंच. फुल्यांच्या नाटकाचा शेवट ज्या शाळेच्या उंबरठ्यावर सुखानें होतो, त्याच उंबरठ्यापासून कानिटकरांच्या नाटिकेंतील हास्यास्पद प्रकारांचा आरंभ होतो. विनोदाची जात पाहून पक्ष ठरवावयाचा म्हटल्यास ह्या दोघांस एकाच पंक्तीस बसवावें लागेल! भेद आहे तो भीतीचा. एकास कुणब्याचें घर लुबाडलें जाण्याची भीति, दुसऱ्यास घराची घडी विस्कटण्याची. मात्र एकाचें नाटक सव्वाशें वर्षें अप्रकाशित राहिलें व दुसऱ्याचें लागलीच लोकांपुढें आलें, ही गोष्ट त्या काळच्या छापखान्याचें व रंगभूमीचें वजन कोणत्या पारड्यांत होतें हें पुरेसें सांगते.

सरकारच्या दृष्टीनें हास्याची किंमत काय होती, ह्याचा दाखला कलकत्त्याचा आहे. १८७६ सालीं तेथील ग्रेट नॅशनल थिएटरांत 'गजदानंद ओ युवराज' हें प्रहसन झालें. युवराज प्रिन्स ऑफ वेल्स यांस आपल्या अंतःपुरांत नेऊन घरच्या स्त्रियांकरवीं त्यांचें स्वागत करविणाऱ्या एका वकिलाची त्यांत थट्टा होती. थट्टा सरकारची नव्हे, सरकारभक्ताची. तरी प्रथम वटहुकूम व मग त्याच वर्षीं नाट्यप्रयोगांचा कायदा आला. आपल्याकडे खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० सालीं बंदी पडली म्हणून हा कायदा आपणांस गंभीर नाटकांचा वैरी वाटतो. वस्तुतः त्याचा जन्म एका फार्सामुळें झाला आहे.

छापील नाटकांपुरतें हें ठीक. तमाशाची गोष्ट निराळी. सत्यशोधक मंडळींनीं जलशासाठीं तमाशाचाच सांचा उचलला, आणि पुढें आंबेडकरी जलसे व कम्युनिस्टांचीं कलापथकें यांनींही तोच चालविला. अण्णाभाऊ साठे यांचीं लोकनाट्यें ह्या परंपरेंतलीं. परंतु सोंगाड्याची बतावणी ही मुळांतच अलिखित. ती त्या त्या गांवच्या पाटलास, तलाठ्यास, सावकारास पाहून जागच्या जागीं रचली जाई. त्यामुळें एकोणिसाव्या शतकांतील राजकीय विनोदाचा आपल्या हातीं आलेला पुरावा लिहितां येणाऱ्या वर्गाच्या बाजूस झुकलेला आहे, हें आरंभींच गृहीत धरावें लागतें. १९४७ नंतर लवकरच मुंबई सरकारनें तमाशाच्या सुधारणेचा प्रश्न हातीं घेतला. त्यासाठीं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष दत्तो वामन पोतदार हे इतिहाससंशोधनाच्याच क्षेत्रांतील विद्वान् होते. पुढें प्रयोगाच्या परवान्यासाठीं वग लिहून सादर करणें फडांस भाग पडूं लागलें. जें कोणी संशोधक आजवर टिपून ठेवीत नव्हते तें अशा रीतीनें परीक्षकांच्या धाकानें कागदावर उतरलें. ह्या संहिता पाहतांना एवढें ध्यानांत ठेवावें, कीं त्या मंजुरीसाठीं लिहिलेल्या आहेत; ज्या वाक्यासाठीं लोक फडावर गर्दी करीत, तें सोंगाड्यानें परीक्षकाच्या हातीं दिलेल्या प्रतींत बहुधा लिहिलेलेंच नसणार.