दोरीला बांधलेलं पेन

जानेवारी २०२३ मध्ये आमच्या घराचं पहिलं बजेट मी एका रविवारी दुपारी तीन तासांत तयार केलं. अठरा ओळी, लाल पेनाने आखलेले रकाने, खाली जमा आणि खर्च यांचा काटेकोर ताळा. ते अकरा तारखेपर्यंत टिकलं. बारा तारखेला नवऱ्याच्या गाडीचं मागचं टायर गेलं आणि माझ्या अठरा ओळींत टायर नव्हतं.

आम्ही नाशिकला सातपूरला राहतो. नवरा एमआयडीसीत, तीन पाळ्यांत. मी घरी शिवणकाम करते: ब्लाऊज, फॉल-पिको, क्वचित परकर. सासरे कंपनीतून निवृत्त झालेले, त्यांचं ईपीएस-९५ चं पेन्शन १,८५० रुपये. सासूबाई आणि तेव्हा सहावीत असलेली मुलगी. घर स्वतःचं, जुनं, दोन खोल्यांचं. भाडं नाही एवढी एक गोष्ट आमच्या बाजूची.

२०२२ च्या मे महिन्यात नणंदेचं लग्न झालं आणि डिसेंबरात सासऱ्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले. एका वर्षात घरातून दोन वराती निघाल्या, एक मांडवात आणि एक दवाखान्यात, असं सासरे स्वतःच म्हणतात. दोन्हींचं बिल उरलं ते असं. खासगी फायनान्सचे दोन लाख. पाटल्या ठेवून काढलेले सत्तर हजार. क्रेडिट कार्डावर सेहेचाळीस हजार. धाकट्या चुलत सासऱ्यांकडून, म्हणजे निफाडच्या काकांकडून, हातउसने दीड लाख. बचत गटाचे वीस हजार. कोपऱ्यावरच्या वाण्याची उधारी ६,४००. एकूण चार लाख ब्याण्णव हजार चारशे. हा आकडा मी प्रथम कागदावर लिहिला तेव्हा नवरा म्हणाला, "पेन्सिलीने लिही." जणू पेन्सिलीने लिहिलं की तो खोडता येणार होता.

पहिलं बजेट फसलं ते टायरमुळे नाही. मी त्यात आमचं घर लिहिलंच नव्हतं, कुठलं तरी शहाणं घर लिहिलं होतं. त्या घरात चहाला पाहुणे येत नाहीत, वर्गणी मागायला मंडळाची मुलं येत नाहीत, कुणाच्या बारशाला आहेर लागत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी मी काहीच ठरवलं नाही. फेब्रुवारीचा पूर्ण महिना फक्त लिहायचं, काटकसर करायची नाही, कुणाला बोलायचं नाही. फ्रिजशेजारच्या खिळ्याला दोनशे पानी वही टांगली आणि पेन हरवू नये म्हणून ते ब्लाऊजच्या नाडीने तिला बांधून टाकलं.

त्या वहीतलं अक्षर पाहून माणूस ओळखू येतो. नवरा आकडा आधी लिहितो, कशाचा ते नंतर, कधीकधी लिहितच नाही. मुलगी तारीख-वार घालून लिहिते: "पेन १०, खोडरबर ५, पाणीपुरी २० (आईने दिले)." सासूबाई वहीत लिहीत नाहीत. त्यांचा दुधाचा हिशेब चाळीस वर्षं कालनिर्णयच्या चौकटीत आहे, तो तिथेच राहणार. महिनाअखेरीला मी तो उतरून घ्यायचा. सासरे लिहितात, पण एकच शब्द: "इतर". इतर ४०. इतर ३०. इतर ५०.

अठ्ठावीस तारखेला मी पासबुक, डब्यातली रोकड आणि वही समोर घेऊन बसले. वहीपेक्षा २,१४० रुपये जास्त गेले होते. जेवताना मी सहज म्हणावं तसं सांगितलं. कुणी वर पाहिलं नाही. मला तेव्हा सगळ्यांचा राग आला, आणि मग आठवलं की माहेरी भावाच्या फोनचं रिचार्ज मी दोनदा केलं होतं आणि तेही वहीत नव्हतं.

त्या रात्री वहीत एक नवी ओळ आली: "विचारू नये". मोठ्या चौघांना महिन्याला तीनशे-तीनशे. सासऱ्यांनी त्याची तंबाखू आणावी, सासूबाईंनी देवळात द्यावेत, मी रिचार्ज करावं, कुणी कुणाला हिशेब द्यायचा नाही. कर्ज अंगावर असताना बाराशे रुपये असे सोडून देणं वेडेपणाचं वाटेल. पण २,१४० मधले बाराशे असे कायदेशीर झाल्यावर उरलेले नऊशे चाळीस पुढच्या महिन्यापासून जायचेच थांबले. ते कुठे जात होते, हे मला अजून कळलेलं नाही.

मग वर्षाचं गणित. महिना हे बजेटचं माप आहे असं आपण धरून चालतो, कारण पगार महिन्याने होतो. खर्च मात्र पंचांगाने येतो. जूनमध्ये फी आणि वह्या-पुस्तकं, भाद्रपदात गौरी-गणपती, मग दिवाळी. मार्चला घरपट्टी, मधे विम्याचा हप्ता, गाडीचा विमा आणि दुरुस्ती, आणि लग्नसराईतले आहेर. ही सगळी बेरीज चोपन्न हजार आली. भागिले बारा, साडेचार हजार. इतकी वर्षं आम्ही दर वेळी "या महिन्यात जरा ओढाताण आहे" म्हणायचो, ती ओढाताण वर्षातून आठ महिने असायची. आता महिन्याच्या दोन तारखेला साडेचार हजार पोस्टातल्या खात्यात जातात आणि त्या खात्याचं पुस्तक सासूबाईंच्या कपाटात असतं. माझ्या हाती नको, असं मीच म्हणाले.

जमेच्या बाजूला उलटी अडचण. नवऱ्याचा पगार हातात २४,५०० पडायचा, ओव्हरटाईम लागला तर वर. माझं काम एप्रिल-मेमध्ये चौदा हजारांवर जातं, नवरात्रापासून दिवाळीपर्यंत मशीन रात्री अकरापर्यंत चालतं. पितृपक्षात मात्र नवं कापड कुणी शिवायला टाकत नाही. मी सरासरी काढायला गेले तर शेजारच्या निवृत्त बँक कॅशियर काकूंनी हात धरला. "सरासरीने घर चालत नाही गं. तुझा सगळ्यांत वाईट महिना कोणता? तोच लिही." वाईट महिना सहा हजारांचा. म्हणजे जमा ३२,३५०.

खर्चात वाणसामान साडेसहा हजार, दूध २,२५०, भाजी २,२००, गॅस अकराशे, वीज तेराशे, औषधं २,३००, पेट्रोल अठराशे, मोबाईल-केबल नऊशे, किरकोळ दुरुस्ती पाचशे, शाळेची रिक्षा दीड हजार, वर्षाच्या खात्यातले साडेचार हजार आणि ते "विचारू नये"चे बाराशे. एकूण २६,०५०. उरले ६,३००. आणि हप्ते होते ११,९५६.

माझ्या शहाण्या बजेटचा ताळा जुळला होता. खऱ्या बजेटमध्ये दरमहा ५,६५६ रुपयांची तूट निघाली. विचित्र गोष्ट अशी की त्या रात्री मला बऱ्याच महिन्यांनी झोप लागली. तोवर भीतीला आकडा नव्हता.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये छोट्या विनातारण सूक्ष्म कर्जांसाठी नियम केला, की कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. आमचे हप्ते सदतीस टक्के होते. त्या मापाने आम्ही सुखरूप! उत्पन्न पाच जणांत वाटलं जातं आणि त्यातल्या एकाच्या छातीत स्टेंट असतात, हे टक्केवारीत कुठे दिसणार.

आता कुठलं देणं आधी? इथे काकूंनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली फायनान्सची. "बारा टक्के" म्हणून घेतलेले दोन लाख तीन वर्षांचे होते आणि व्याज सगळ्या मुदतभर पूर्ण दोन लाखांवरच धरलं होतं: बहात्तर हजार. हप्ता ७,५५६, छत्तीस वेळा. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जातं. घटत्या शिलकीवर मोजलं तर तोच दर एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. मुदतीआधी फेडायचं तर चार टक्के दंड, हे कागदावर होतं, आमच्या सह्या त्याच्या खालीच होत्या. ते ओझं डिसेंबर २०२५ पर्यंत वाहायचं, असं ठरलं.

दुसरी गोष्ट कार्डाची. सेहेचाळीस हजारांवर महिना साडेतीन टक्के, म्हणजे १,६१० व्याज. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, २९०. आम्ही "किमान रक्कम" म्हणून २,३०० भरत होतो आणि वेळेवर भरतो याचा नवऱ्याला अभिमान होता. त्यातले चारशे रुपये मुद्दलाला लागत होते. आकडे समोर मांडले तेव्हा तो बराच वेळ कार्ड उलटंपालटं करून बघत बसला, जणू त्यावर मागच्या बाजूला कुठे तरी हे छापलेलं असेल.

आम्ही पहिल्यांदा फेडली ती मात्र वाण्याची उधारी, जिला व्याजच नव्हतं. हा माझा हट्ट. उधारी असली की भाव विचारता येत नाही. तो देईल ती तूरडाळ, सांगेल तो दर. रोखीने घ्यायला लागल्यावर मी रविवार कारंजाच्या बाजारात जाऊन महिन्याचं एकदम भरायला लागले आणि वाणसामानात चारएकशे रुपये सुटले. उधारीचं व्याज डाळीतच मिसळलेलं असतं.

मग पाटल्या. दोन तोळे, सासूबाईंच्या आईने त्यांना घातलेल्या. दरमहा सातशे व्याज चाललं होतं, वर्ष झालं की नूतनीकरण, पुन्हा सातशे. मार्चमध्ये मी धीर करून म्हटलं, "आई, पाटल्या विकल्या तर गहाणाचे सत्तर फिटून तीस हजार कार्डाला लागतील." त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी कणीक मळताना म्हणाल्या, "गहाण आहेत तोवर माझ्या आहेत असं वाटतं." चौथ्या दिवशी त्या स्वतःच साडी नेसून सराफाकडे निघाल्या. घट वजा जाऊन एक लाख एक हजार आले. कार्डावर सोळा हजार राहिले, ते मेमधल्या लग्नाच्या ब्लाऊजांनी संपवले.

पुढे २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं. तेव्हापासून टीव्हीवर भाव आला की सासूबाई आवाज वाढवतात. माझ्या बाजूने हिशेब सांगता येतो: कार्डाचं व्याज, गहाणाचं व्याज, दोन वर्षं. तो मी एकदा मांडून पाहिला आणि वही मिटली. सोनं राहिलं असतं तर आम्ही पुढे असतो. त्या मार्चमध्ये मात्र पुढचे पाच हजार सहाशे कुठून आणायचे, एवढंच दिसत होतं.

काकांच्या दीड लाखांना व्याज नव्हतं, म्हणून गणिताने ते शेवटी. पण काका द्राक्षबागाईतदार. एप्रिलची खरड छाटणी कशीतरी निघते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून मजुरी, औषधं, फवारण्या असा पैसा जाऊ लागतो आणि यायचा तो फेब्रुवारीनंतर, पाऊस-गारपिटीने काही ठेवलं तर. त्यांनी एकदाही मागितले नाहीत. मात्र निफाडच्या काकूंच्या बोलण्यातून कळलं की आम्हाला दिल्यापासून छाटणीला ते स्वतः उसने घेतात. बिनव्याजी पैशाचं व्याज कुणीतरी भरतच असतं. म्हणून ठरलं, दर सप्टेंबरच्या अखेरीला काकांना जायचे. नेमका तो माझा पितृपक्षाचा सुका पंधरवडा! मग मे महिन्यातली जादा कमाई जूनला हात न लावता सप्टेंबरपर्यंत सांभाळायची. तीस हजार, पुढच्या वर्षी चाळीस, त्याच्या पुढे पन्नास. पहिल्या वेळी नवरा पाकीट घेऊन गेला तर काकांनी मोजले नाहीत, द्राक्षाची पेटी मात्र मार्चमध्ये नेहमीसारखीच आली.

सगळं असं सुरळीत लिहिलं की खोटं वाटतं. २०२३ लाच जुलैत अधिक श्रावण आला. नणंदेच्या नवऱ्याचा पहिला धोंड्याचा महिना, आणि माझ्या चोपन्न हजारांत त्याला एक रुपयाही नव्हता. तीन वर्षांतून एकदा येणारा महिना कुठल्या बाराने भागायचा? तेहतीस अनारसे मी घरी केले, पहिले नऊ तुपात विरघळले. चांदीचं छोटं निरांजन २,८०० ला पडलं, ते दिवाळीच्या ओळीतून गेलं आणि त्या दिवाळीत आम्ही दोघींनी साड्या घेतल्या नाहीत. मी कुरकुरले. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पाटल्या गेल्या, जावयाचा दिवा जाणार नाही." यावर कुठला हिशेब चालतो?

बचत गटाचे वीस हजार दरमहा हजाराने ऑगस्ट २०२४ ला संपले. त्याचं दोन टक्के व्याज देताना जीव कमी दुखायचा, कारण ते गटातच राहतं आणि गटात मीही आहे.

डिसेंबर २०२५ ला छत्तिसावा हप्ता गेला. ना हरकत दाखल्यासाठी दोन खेपा झाल्या. काकांचे तीस हजार अजून आहेत. जानेवारीत नवी वही टांगली, नाडी तीच. ओळी लिहिताना मी आधी "अधिक ज्येष्ठ, मे २०२६" ही ओळ घातली, मग "हप्ता ७,५५६" लिहायला हात गेला आणि थांबला. ती ओळ मी मोकळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिथे पेन्सिलीने, सासूबाईंच्या अक्षरात, "पाटल्या" असं लिहिलेलं होतं. या वहीतला त्यांचा पहिलाच शब्द. मी त्या दिवसाचा भाव बघून, घडणावळ धरून भागाकार केला. तेवढ्याच दोन तोळ्यांना जवळपास छत्तीस महिने लागतात.

मी तो शब्द पेनाने गिरवला नाही. खोडलाही नाही.