घड्याळाची चेन: चमक नको, माप बघा

बावधन, भुगाव, पिरंगुट या भागातल्या आपल्या कितीतरी जणी सकाळी लवकर घर सोडतात. कुणी सोसायटीत स्वयंपाकाला जाते, कुणी कंपनीत, कुणी अंगणवाडीत. मोबाइल असतो पिशवीत आणि पिशवी खुंटीला, म्हणून मनगटावरचं घड्याळ अजूनही लागतंच. आशाताईंना तर बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त भरले, तर ते धोक्याचं लक्षण. अशा वेळी सैल चेनीतलं घड्याळ फिरून मनगटाखाली गेलं, तर बाळाच्या छातीकडे बघायचं की घड्याळ शोधायचं?

चामड्याचा किंवा रेक्झिनचा पट्टा घामाने कुजतो, म्हणून बऱ्याच जणी स्टीलची चेन घ्यायचं ठरवतात. चांगली चेन अनेक वर्षं टिकते. पण दुकानात आपण बघतो ती चमक. बघायचं असतं ते माप आणि धातू. आज तेच समजून घेऊ.

पहिलं माप घड्याळाचं. घड्याळाच्या डबीला वर दोन आणि खाली दोन असे कान असतात. दोन कानांमधली मोकळी जागा पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायची. बायकांच्या लहान घड्याळांत ती बहुधा १२ किंवा १४ भरते, पुरुषांच्या घड्याळांत १८, २० किंवा २२. दुकानात नुसतं 'लेडीज चेन द्या' म्हणू नका, आकडा सांगा. चेन एक मिलिमीटरने जरी रुंद असली तरी कानांत बसत नाही. अरुंद असली तर हलत राहते आणि पिनेवर ताण येतो.

काही घरांत सासऱ्यांचं किंवा वडिलांचं जुनं एचएमटी घड्याळ पेटीत पडून असतं. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. २०१६ साली सरकारने हा घड्याळांचा उद्योग बंद करायचा निर्णय घेतला. पण घड्याळ चालू असेल, तर चेनीसाठी अडायचं कारण नाही. चेन त्याच कंपनीची लागत नाही. कानांमधलं माप जुळलं की मुलीच्या हातात आजोबांचं घड्याळ शोभतं.

दुसरी गोष्ट धातूची. घड्याळाच्या पाठीवर 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ फक्त पाठीचं झाकण स्टीलचं आहे. डबी आणि चेन मुलामा दिलेल्या पितळेची किंवा दुसऱ्या धातूची असू शकते. घामाने मुलामा उडतो, आतला धातू कातडीला लागतो, आणि त्यात बऱ्याचदा निकेल असतं. मग चेनीच्या आकाराची खाज सुटते, पुरळ येतं. काही जणी म्हणतात रक्त खराब झालं, काही जणी म्हणतात उष्णता वाढली. कारण बहुतेक वेळा मनगटावरच असतं. निकेलचा त्रास बायकांना जास्त दिसतो, कारण खोट्या दागिन्यांसाठी कान टोचले की तिथूनच तो सुरू होतो. युरोपात १९९४ साली कातडीला लागणाऱ्या वस्तूंतून निकेल किती सुटावं यावर नियम आला, त्यात घड्याळाचे पट्टेही धरले आहेत. ज्यांना खोट्या कानातल्यांनी खाज येते, त्यांनी मुलाम्याची चेन घेऊच नये. चांगलं स्टेनलेस स्टील, ज्याला ३१६ एल म्हणतात, त्यातून निकेल फार कमी सुटतं. तरीही त्रास झाला तर कापडी किंवा चामड्याचा पट्टा बरा. पुरळ जात नसेल तर आरोग्य केंद्रात दाखवावं.

आता चेनीच्या कड्या बघा. काही कड्या भरीव असतात, काही पत्रा दुमडून केलेल्या. दुमडलेल्या स्वस्त आणि हलक्या, पण काही दिवसांनी ढिल्या होतात आणि हातावरची लव ओढतात. चेन आडवी धरून हलवा. खूप खुळखुळ वाजली, कडेला बोट फिरवल्यावर टोचली, तर ती ठेवून द्या. काचेच्या बांगड्या घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: स्टीलची चेन आपटून बांगड्या फुटतात. घड्याळाच्या हातात बांगड्या कमी ठेवाव्यात.

तिसरं माप मनगटाचं. ते दुपारनंतर घ्यावं, कारण कामाने आणि उन्हाने हात थोडा सुजतो. सकाळी घट्ट बसवलेली चेन संध्याकाळी रुतते. चेन आणि मनगट यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी जागा हवी. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या वर, कोपराच्या बाजूला बसावं. हाडावर बसलं तर दिवसभर घासतं.

कड्या कमी करताना लॉकच्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढायच्या, म्हणजे लॉक मनगटाच्या बरोबर खाली येतं. एका बाजूची जास्त काढावी लागली, तर ती सहाच्या आकड्याकडची काढा. कडीच्या आतल्या बाजूला बाण कोरलेला असतो. पिन बाणाच्या दिशेने बाहेर काढायची आणि उलट दिशेने आत घालायची. पिनेच्या एका टोकाला चीर असते, ते टोक शेवटी आत जातं. हे काम ताटात जुना टॉवेल पसरून करा, पिन घरंगळत नाही. थोडासाच फरक असेल तर कडी काढू नका. बऱ्याच लॉकना कडेला बारीक भोकं असतात, त्यातली पिन एक भोक सरकवली की भागतं.

दुकानातून काम करून घेतलं, तर उरलेल्या कड्या आणि पिना मागून घ्या. त्या आपल्याच पैशाच्या आहेत. पुढे बाळंतपणात किंवा वयानुसार हात भरला, तर त्याच लागतात. बिलासोबत पुडीत ठेवा. निघण्याआधी हात गादीवर किंवा मांडीवर धरून चेन हलके ओढून बघा. कानांतल्या दोन स्प्रिंगच्या पिना नीट अडकल्या नसतील, तर तिथेच कळेल. त्या गंजल्या असतील तर बदलून घ्या. या छोट्या पिनेच्या जिवावर सगळं घड्याळ टांगलेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चामड्याचा पट्टा अडकला तर तुटू शकतो, स्टीलची चेन सहजासहजी तुटत नाही. हेच तिचं चांगलं आणि हाच तिचा धोका. कडबा कुट्टी, पिठाची गिरणी, शेवयांचं यंत्र, कंपनीतलं मशीन, यांच्याजवळ जाताना चेन काढून ठेवा. फिरत्या यंत्रात चेन अडकली तर ती हात सोबत घेऊन जाते. ट्रॅक्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीला हात लावतानाही काढा. दोन टोकांना चेन टेकली तर ती क्षणात लाल होते आणि हात भाजतो. कणीक मळतानाही काढा, कारण कड्यांच्या फटीत घाम, साबण आणि पीठ साचतं. आठवड्यातून एकदा जुन्या ब्रशने फटी घासा आणि चेन कोरडी करा. घड्याळात पाणी जात असेल तर चेन सुटी करूनच धुवा.

गटाच्या पुढच्या बैठकीला येताना घरातलं घड्याळ आणि एक पट्टी घेऊन या. एकमेकींची मापं घेऊ आणि प्रत्येकीने आपला आकडा वहीत लिहून ठेवायचा. आणि आपल्या गटाचं यंत्र असेल, तर त्याच्या शेजारी भिंतीला एक खिळा ठोका. यंत्र सुरू करण्याआधी घड्याळ त्या खिळ्याला लागलं पाहिजे, हा नियम सगळ्यांना सारखा.