जुन्या पिकअपची नवी चाके : भाजीपाला वाहतुकीतील दुर्लक्षित दुवा

वाराणसी म्हटले की गंगेचे घाट डोळ्यांपुढे उभे राहतात. भाजीपाला पिकांशी संबंध असणाऱ्यांना मात्र या जिल्ह्यातील जखिनीचा परिसरही तितकाच जवळचा वाटतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची भारतीय भाजीपाला संशोधन संस्था येथे आहे. काशी अनमोल ही मिरची, काशी नंदिनी हा वाटाणा, काशी कंचन ही चवळी असे अनेक वाण याच संस्थेने दिले. संस्थेच्या भोवतालच्या राजातालाब परिसरात भाजीपाल्याची मोठी लागवड होते. येथील माल शहरातील पहाडिया मंडीकडे जातो. वाराणसीची हिरवी मिरची बाबतपूरच्या विमानतळावरून आखाती देशांतही गेली आहे.

वाण, खत, पाणी, काढणी यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. शेताच्या बांधापासून बाजारापर्यंतचा प्रवास ज्या गाडीने होतो, तिच्याविषयी क्वचितच बोलतो. ही गाडी बहुधा जुनी पिकअप असते. वाराणसीच्या परिसरात ती पावसाळ्यातील चिखल आणि खचलेल्या कच्च्या रस्त्यांवरून धावते. नारायणगावचा टोमॅटो किंवा निफाडची द्राक्षे वाहणाऱ्या गाडीची स्थितीही फारशी निराळी नसते. इंजिनात बिघाड झाला तर गाडी थांबते आणि मालाचे नुकसान होते. भरल्या गाडीचे चाक धावताना तुटले तर मात्र नुकसान मालापुरते राहत नाही. म्हणून चाक बदलण्याचा निर्णय दिसण्यावरून किंवा केवळ किमतीवरून न घेता भार आणि माप यांवरून घ्यावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

चाक बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

टायर झिजलेला सहज दिसतो. चाकाची, म्हणजे डिस्क आणि रिमची झीज दडलेली असते. चाक उतरवून, धुऊन, उजेडात दोन्ही बाजूंनी पाहावे. नटांच्या भोकांच्या दरम्यान किंवा हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या खिडक्यांच्या कडेला केसासारखी बारीक रेघ दिसली, तर ती बहुधा तड्याची सुरुवात असते. नटांची भोके लांबट झाली असतील, तर ते चाक ढिल्या नटांवर बराच काळ चालले आहे असे समजावे. नटाखालून गंजाचे ओघळ आलेले दिसणे हीही तीच खूण होय. टायर जेथे रिमवर बसतो, तेथे गंजाने खड्डे पडले असतील तर ट्यूबलेस टायरमधील हवा वारंवार कमी होते आणि पंक्चर मात्र सापडत नाही.

रिम वाकडी आहे का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. गाडी जॅकवर नीट उचलावी, जमिनीवरील चाकांना ओट लावावी, रिमच्या कडेजवळ लाकडी पट्टी स्थिर धरावी आणि चाक हाताने फिरवावे. पट्टी आणि कड यांतील अंतर सतत कमी-जास्त होत असेल तर रिम वाकली आहे. पोलादी रिमची किरकोळ वाक जाणकार कारागीर काढू शकतो. तडा गेलेली डिस्क वेल्डिंग करून वापरणे मात्र धोक्याचे आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे पोलाद दुबळे होते आणि पुढचा तडा बहुधा त्याच्या कडेलाच जातो. असे चाक स्टेपनी म्हणूनही ठेवू नये. कारण स्टेपनी लागते ती भरल्या गाडीला, आडरस्त्यावर.

पोलादी की मिश्रधातूचे?

मिश्रधातूची, म्हणजेच अलॉय चाके हलकी असतात आणि दिसायला आकर्षक असतात. खड्ड्याचा जोराचा दणका बसल्यावर पोलादी चाक बहुधा वाकते, तर अलॉय चाकाला तडा जाण्याचा संभव अधिक असतो. वाकलेल्या चाकाने गाडी हळूहळू गावापर्यंत आणता येते. तडकलेल्या चाकातील हवा एकदम जाऊ शकते. शिवाय पोलादी चाक तालुक्याच्या ठिकाणीही मिळते आणि स्वस्त पडते. माल वाहणाऱ्या जुन्या पिकअपला मूळ मापाचे पोलादी चाकच योग्य ठरते. त्याचा शत्रू गंज. खताची पोती वाहिल्यानंतर आणि चिखलातून आल्यानंतर चाके आतल्या बाजूनेही धुवावीत, खरचटलेल्या जागी रंग लावावा.

पाच मापे जुळलीच पाहिजेत

चाक हबवर बसले म्हणजे ते त्या गाडीचे झाले, असे नव्हे. पुढील पाच मापे तपासावीत.

१. रिमचा व्यास : टायरवर लिहिलेल्या मापाशी तो तंतोतंत जुळावा.

२. रिमची रुंदी : ती टायरला मान्य असलेल्या मर्यादेत हवी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर वळणावर गाडी झोल खाते.

३. नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास : सहा नटांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंतील अंतर म्हणजेच हा व्यास. पाच नटांच्या चाकात लगतच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंतील अंतर मोजून त्यास १.७ ने गुणावे. उदाहरणार्थ, हे अंतर ८२ मिमी असेल तर व्यास सुमारे १३९.४ मिमी येतो.

४. मधल्या भोकाचा व्यास : तो हबशी जुळला नाही तर चाक केंद्रात बसत नाही आणि थरथर सुरू होते.

५. ऑफसेट : हबला टेकणारा पृष्ठभाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे, ते हे माप. चाक बाहेर आले तर बेअरिंगवर जादा ताण येतो. आत गेले तर ते पाट्याला किंवा ब्रेकच्या नळीला घासू शकते.

यांखेरीज नटाची बैठकही पाहावी. शंकूच्या आकाराचा नट गोल बैठकीवर आवळला तर तो वरवर घट्ट वाटतो आणि चालत्या गाडीत सुटतो. जुने ट्यूबचे चाक ट्यूबलेस टायरसाठी वापरताना रिमवर टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा आहे का, हे पाहावे. तो नसेल तर ट्यूबच वापरावी.

भाराचा हिशेब

सर्वांत मोठी चूक येथे होते. प्रवासी जीपचे चाक नटांची भोके जुळतात म्हणून पिकअपला लावले जाते, पण ते त्या भारासाठी घडवलेले नसते. भरलेल्या गाडीची केवळ मागील चाके वजनकाट्यावर घेऊन वजन करावे. समजा, ते १,८०० किलो भरले. मागे दोनच चाके असतील तर प्रत्येकावर ९०० किलो भार येतो. टायरवरील भारांक १०४ म्हणजे ९०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो, तर ११२ म्हणजे १,१२० किलो. खड्ड्यांचे दणके लक्षात घेता १०४ येथे काठावर ठरतो. त्याहून वरचा भारांक घ्यावा. टायरवर १०६/१०४ असे दोन अंक असतील तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकांसाठी असतो. रिमची भारक्षमताही तितकीच हवी. मात्र चाक बळकट केले म्हणून पाटे, ब्रेक आणि आस यांची क्षमता वाढत नाही; नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण वजनाची मर्यादा तीच राहते.

क्रेटचे वजन हिशेबात विसरले जाते. रिकामा प्लास्टिक क्रेट दोन किलोचा धरला तरी ६० क्रेटचे १२० किलो होतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक अतिरिक्त टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. एका फेरीत वाचवलेले भाडे त्यापुढे नगण्य आहे.

खरेदी आणि जोडणी

चाकांच्या रिमसाठी भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक करणारा गुणवत्ता नियंत्रण आदेश केंद्र सरकारने २०२० मध्ये काढला. म्हणून नवे चाक घेताना ते चिन्ह, माप आणि उत्पादकाचा ठसा पाहावा व पक्के बिल घ्यावे. भंगार बाजारातील चाक जाड ताज्या रंगाखाली असेल तर तो रंग खरवडल्याशिवाय घेऊ नये. एका आसावरची दोन्ही चाके एकाच मापाची असावीत. टायरवरील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिमीपेक्षा कमी झालेला टायर नियमानुसार रस्त्यावर चालवता येत नाही.

जोडणीपूर्वी हब आणि डिस्कचे टेकणारे पृष्ठभाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. तेथे गंज किंवा रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो आणि नट ढिले होतात. नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, वाहनपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनुसार आवळावेत. पान्यावर उभे राहून आवळल्यास स्टड ताणला जातो. नवे चाक लावल्यावर ५० ते १०० किमी अंतरानंतर नट पुन्हा तपासणे अत्यावश्यक आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी उत्पादक कंपन्या आणि गटांनी हंगामापूर्वी एक दिवस चाक-तपासणीसाठी राखून ठेवावा. एक फिटर, एक टॉर्क रेंच, मोजपट्टी आणि जवळचा वजनकाटा एवढी सामग्री पुरेशी आहे. प्रत्येक गाडीची पाच मापे, मागील आसावरील भरलेले वजन आणि टायरचा भारांक यांची नोंद एका वहीत ठेवावी व तिची प्रत चालकाजवळ द्यावी. पुढच्या वेळी दुकानदारासमोर उभे असताना चालकाला अंदाजाने चाक निवडावे लागणार नाही. काढणीनंतरचे नुकसान कमी करण्याच्या आपल्या प्रयत्नांत ही वही शीतगृहाइतकी मोठी नसली, तरी तिच्यावर माल आणि माणूस या दोहोंची सुरक्षितता अवलंबून आहे.