‘बरा आहेस ना?’च्या पुढचं विचारा

पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, दिवसभर अभ्यासिकेत बसणारा एक तरी मित्र तुमच्या ओळखीचा असेलच. गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन, बहिणीचं लग्न बाकी. ‘पोरगा पुण्यात शिकतोय’ हे घरचे अभिमानाने सांगतात. त्यामुळे त्याचा निकाल एकट्याचा नसतो, अख्ख्या घराचा असतो. म्हणूनच मन बिघडलं, तर घरी सांगणंच त्याला सगळ्यात जड जातं.

मग तो मेसला यायचा बंद होतो. रात्रभर जागा, दुपारपर्यंत पांघरुणात. घरचा फोन कट. आपण म्हणतो, ‘भाव खातोय’. एक-दोन दिवस असं कुणाचंही होतं. पण दोन आठवडे हेच चाललं असेल, तर दुर्लक्ष करू नका.

त्याला चहाला बाहेर काढा. दोघंच जा, अख्खा ग्रुप नको. जे दिसलं तेच बोला: ‘तू आठवडाभर जेवायला आला नाहीस, मला काळजी वाटतेय.’ मग गप्प बसा आणि ऐका. ‘पॉझिटिव्ह राहा’, ‘वडिलांकडे बघ’ हे टाळा. वडिलांकडे बघूनच तर तो खचलाय!

‘जगण्यात अर्थ नाही’ असं काही बोलला, तर सरळ विचारा, ‘आत्महत्येचा विचार येतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. ‘कुणाला सांगू नको’ म्हणाला, तरी तसं वचन देऊ नका. त्याला एकटं सोडू नका. रेक्टर, विश्वासातले सर-मॅडम किंवा घरचं कुणीतरी यांना लगेच सांगा. धोका अगदी समोर दिसत असेल, तर ११२ लावा.

एरवी १४४१६ हा नंबर सेव्ह करून ठेवा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. मित्राची काळजी वाटते म्हणून तुम्हीही फोन करू शकता. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ आहे.

‘पोलीस केस होईल’ या भीतीने बरेच जण गप्प बसतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं. तिला शिक्षा नाही. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी.

आणि हो, तुम्ही डॉक्टर नाही. सगळा भार एकट्याने उचलू नका, अजून एखाद्या भरवशाच्या मित्राला सोबत घ्या. तुमची झोप उडाली, तर तुमच्यासाठीही तोच नंबर आहे.

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत फार पैसे लागत नाहीत. पहिल्यांदा मात्र त्याच्यासोबत जा. केसपेपरच्या रांगेत उभं असताना परत फिरावंसं वाटतं, तेव्हा शेजारी आपलं माणूस लागतं.